करणी खेळाडूची, जामीन चालकाचा

मोबाइलवरचा खेळ ही काही वर्षांपूर्वीपर्यंत एक सिद्ध वस्तू होती. ज्याने तो रचला त्यानेच त्यातील वाटा, शत्रू, आयुधे आणि शेवट हे सारे आधी ठरवून ठेवलेले असे, आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला त्या आखलेल्या चौकटीत जिंकणे किंवा हरणे एवढेच काम येई. आज ती स्थिती राहिलेली नाही. विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये ज्याला दोन्ही हात मोकळे ठेवून उभे राहण्याइतकी जागा लाभली आहे असा एखादा भाग्यवान विद्यार्थी ‘फ्री फायर मॅक्स’च्या ‘क्राफ्टलँड’मध्ये स्वतःचा मॅप उभारतो, ‘बीजीएमआय’च्या ‘वर्ल्ड ऑफ वंडर’मध्ये स्वतःच्या नियमांची लढाई मांडतो, ‘रोब्लॉक्स’मध्ये तर सबंध खेळच निर्माण करतो, आणि त्याची ही निर्मिती वैतरणेच्या अलीकडे राहत नाही, ती त्याच दिवशी मनिला किंवा साओ पाउलो येथील एखाद्या अनोळखी मुलाच्या हाती पडू शकते.

आता त्या मॅपच्या भिंतीवर कोणी शिवी लिहिली, एखाद्या खऱ्या मुलीचे छायाचित्र खेळातील पात्रावर चिकटवले, जातिवाचक नाव धारण करून एखादा गट खेळू लागला, किंवा खेळाच्या मिषाने पोरांना भलत्याच गप्पांत ओढले, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा? लिहिणारा बहुधा अल्पवयीन आणि टोपणनावाचा. खेळ चालवणारी कंपनी सिंगापुरात किंवा कॅलिफोर्नियात. आणि वाचणारा भलत्याच मुलखात. या प्रश्नाचे एक उत्तर देशोदेशींच्या कायद्यांनी दिले आहे, आणि दुसरे, ज्याची चर्चा फार थोडी होते पण ज्याचा अंमल अधिक त्वरित बसतो असे, उत्तर ॲपच्या दोन मोठ्या दुकानांनी दिले आहे. या लेखात मुख्यत्वे त्या दुसऱ्या उत्तराचा विचार करावयाचा आहे.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप होती. त्याच वर्षी गुगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले, आणि मार्च २०१२ पासून ते गुगल प्ले या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रारंभीची दोन वर्षे ॲपलच्या दुकानाचा कारभार असा होता, की कोणते ॲप घ्यावयाचे आणि कोणते परत पाठवावयाचे याचे सविस्तर नियम जाहीरच नव्हते; अर्जदाराने नकाराच्या पत्रांवरून नियमाचा अदमास बांधावा अशी ती रीत होती. सप्टेंबर २०१० मध्ये ती नियमावली प्रथम प्रसिद्ध झाली. खाजगी दुकानाला आपल्या फळीवर काय मांडावे हे ठरवण्याचा अधिकार असतो, हे खरे. परंतु ज्या दुकानाशिवाय आयफोनवर माल पोहोचवण्याची दुसरी वाट आपल्याकडे नाही, त्याचे नियम हे दुकानाचे नियम राहत नाहीत, ते बंदराचे नियम होतात.

वसईकराला ही गोष्ट परकी वाटू नये. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरच्या व्यापारी जहाजाला ‘कार्ताझ’ नावाचा पोर्तुगीज परवाना बाळगावा लागे. त्या कागदावर जहाजाचे नाव, नाखवा, शस्त्रे, माल आणि जाण्याचे ठिकाण नोंदलेले असे, वर्ज्य मालाची मनाई लिहिलेली असे, आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरण्याची अट असे. परवाना नसला, किंवा त्याची शर्त मोडलेली आढळली, तर जहाज मालासकट जप्त. समुद्र कोणाच्या मालकीचा हा वाद पंडितांनी खुशाल करावा, नाखव्याला मात्र कागद दाखवावाच लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपले दस्तक चालवले, तेव्हा एका परवान्याच्या जागी दोन परवाने बाळगण्याची पाळी व्यापाऱ्यांवर आली. आजचा खेळनिर्माताही ॲपल आणि गुगल अशी दोन दस्तके जवळ बाळगतो, आणि दोन्हीकडची जकात भरतो.

खेळाडूंच्या निर्मितीविषयी ॲपलचे जे कलम आहे ते नियमावलीत १.२ या क्रमांकाखाली येते, आणि ते आश्चर्य वाटावे इतके लहान आहे. ज्या ॲपमध्ये लोक स्वतःचा मजकूर टाकतात त्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत असे ते सांगते: आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध होण्याआधी अडवणारी गाळणी, झालेल्या मजकुराविरुद्ध तक्रार करण्याची सोय आणि त्या तक्रारीची वेळेवर दखल, त्रास देणाऱ्या माणसाला रोखण्याची, म्हणजे ब्लॉक करण्याची, मुभा, आणि चालकाशी संपर्क साधता येईल असा प्रसिद्ध केलेला पत्ता. यापुढे एक तंबी आहे, की जी ॲप प्रत्यक्षात मुख्यतः अश्लीलतेसाठी, खऱ्या माणसांच्या रूपाची मते मागून विटंबना करण्यासाठी, धमक्यांसाठी किंवा छळासाठी वापरली जाऊ लागतील ती पूर्वसूचना न देता काढून टाकता येतील. गुगल प्लेचा नियम थोडा अधिक विस्ताराने तेच सांगतो. मजकूर टाकण्यापूर्वी खेळाडूने वापराच्या अटी मान्य केल्या पाहिजेत, आक्षेपार्ह म्हणजे काय याची व्याख्या चालकाने त्या अटींत लिहून ठेवली पाहिजे, मजकुराच्या स्वरूपाला साजेशी देखरेख सतत ठेवली पाहिजे, आणि रिपोर्ट व ब्लॉक या दोन्ही सोयी ॲपच्या आतच असल्या पाहिजेत. ई-मेल पाठवा म्हणून सांगून भागत नाही.

या कलमांत काय नाही हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. लाखो मॅपपैकी एकही मॅप दुकान स्वतः तपासून देत नाही. तो कोणत्या मुलाने केला हे दुकानाला ठाऊक नसते, ठाऊक करून घेण्याची इच्छाही नसते. दुकान ओळखते ते फक्त चालकाला, आणि त्याच्याकडून जणू एक जामीनखत लिहून घेते, की माझ्या आवारात जो कोणी जे काही करील त्याचा बंदोबस्त मी करीन, आणि न केल्यास माझे ॲप फळीवरून उतरवले जावे. ही जामीनकीची पद्धत आहे, शुचितेची नव्हे. चालकाच्या आवारात घाण कधीच होणार नाही अशी हमी दुकान मागत नाही, झालेली घाण उचलणारा कोणी आहे की नाही एवढेच ते विचारते. माझ्या मते या सबंध नियमावलीची किल्ली येथे आहे. आणि जे पालक दुकानात ॲप दिसते म्हणजे ते आतून तपासलेले असणार असे गृहीत धरतात ते या एका बाबतीत फसतात. ॲपसमोर वयाचा आकडा छापलेला असतो तोदेखील चालकाने प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवरून निघतो. गुगल प्लेवर जेथे खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात तेथे तशी स्वतंत्र सूचना त्या आकड्याजवळ दिसते, आणि ती वाचण्याची तसदी बहुतेक कोणी घेत नाही.

खेळाडूची निर्मिती केवळ शब्दांची किंवा चित्रांची असते तोवर हा प्रपंच सरळ आहे. ती जेव्हा चालती होते, म्हणजे एका खेळाच्या पोटात दुसरा खेळ जन्म घेतो, तेव्हा पेच पडतो. ॲपलचा फार जुना नियम असा, की तपासून मंजूर केलेल्या ॲपने नंतर बाहेरून नवी आज्ञावली आणून आपले रूप पालटू नये. कारण तसे झाले तर तपासणीला अर्थ उरत नाही, बंदरावर तांदूळ दाखवून समुद्रात दारूगोळा भरावा असा तो प्रकार होतो. या नियमाचा एक बळी नमूद करण्यासारखा आहे. मुलांनी स्वतः खेळ आणि गोष्टी रचाव्यात म्हणून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘स्क्रॅच’ नावाची जी सोपी भाषा निर्माण झाली, त्या भाषेत मुलांनी केलेल्या कृती आयफोनवर पाहण्यासाठी एक ॲप होते. ते एप्रिल २०१० मध्ये ॲपलने काढून टाकले. ज्या साधनाने मूल खेळणारा न राहता रचणारा होते तेच नेमके नियमात अडकावे, हा दैवदुर्विलास त्या वेळी अनेक शिक्षकांना झोंबला.

तरीही ‘रोब्लॉक्स’ मात्र डिसेंबर २०१२ पासून आयफोनवर नांदत आहे, आणि त्यात तर परक्यांनी केलेल्या खेळांखेरीज दुसरे फारसे काही नाही. ही विसंगती २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयात चव्हाट्यावर आली. ‘फोर्टनाइट’चे निर्माते एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातील त्या खटल्यात एपिकचा एक मुद्दा असा होता, की दुकानाच्या पोटात दुसरे दुकान चालू द्यावयाचे नाही असे म्हणणाऱ्या ॲपलने रोब्लॉक्सला कसे चालू दिले? ॲपलच्या वतीने साक्ष देणाऱ्या अधिकाऱ्याने उत्तर दिले, की खेळाला आरंभ असतो, शेवट असतो, आव्हाने असतात. रोब्लॉक्समध्ये जे आहे ते खेळ नव्हेत, ते अनुभव होत. याच अधिकाऱ्याने काही वर्षांपूर्वी रोब्लॉक्सला मंजुरी मिळाल्याबद्दल पत्रव्यवहारात आश्चर्य व्यक्त केले होते, हेही त्या खटल्यात उघड झाले. साक्षीनंतर थोड्याच दिवसांत रोब्लॉक्सच्या संकेतस्थळावरून ‘खेळ’ हा शब्द जागोजाग नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ‘अनुभव’ हा शब्द आला. कोट्यवधी मुले ज्याला खेळ म्हणत होती आणि आजही म्हणतात त्या वस्तूचे नाव एका कलमाच्या सोयीसाठी रातोरात बदलावे, हा कारकुनी विनोद आमच्या जुन्या कचेऱ्यांनाही सुचला नसता.

जानेवारी २०२४ पासून ॲपलने ही गाठ बरीच सैल केली. ॲपच्या आत छोटे खेळ चालवण्यास आता मुभा आहे, परंतु त्या मुभेबरोबर जामिनाची रक्कमही वाढली आहे: आतील प्रत्येक गोष्टीबद्दल चालक उत्तरदायी, गाळणी, तक्रार आणि ब्लॉक या सोयी आतही आवश्यक, आत काय काय आहे याची यादी दुकानाला देणे बंधनकारक, आणि ॲपच्या वयोमर्यादेहून प्रौढ असे काही आत असेल तर ते ओळखता यावे व लहानांपासून रोखता यावे अशी व्यवस्था करणे भाग.

शर्त मोडणाऱ्याचे काय होते याची उदाहरणे खेळांबाहेरची असली तरी बोलकी आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘टंब्लर’ हे ॲप ॲपलच्या दुकानातून नाहीसे झाले, कारण बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे त्याच्या गाळणीतून निसटली होती. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने प्रौढांसाठीचा सर्वच मजकूर आपल्या आवारातून हद्दपार केला. कोणत्याही सरकारने असा हुकूम काढला नव्हता. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने ‘टिकटॉक’चे डाउनलोड थांबवण्यास फर्मावले तेव्हा तो हुकूम बजावला गेला तोही दुकानांमार्फतच; ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच होते त्यांचे चालूच राहिले, आणि महिन्याअखेर बंदी उठल्यावर ते पुन्हा फळीवर आले. ‘पब्जी मोबाइल’ सप्टेंबर २०२० मध्ये आणि ‘फ्री फायर’ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाले ते मात्र केंद्र सरकारच्या हुकमाने. त्यामागे देशाच्या सुरक्षिततेचे कारण होते, कोणा खेळाडूच्या मजकुराचे नव्हे. परंतु त्या खेळांत ज्यांनी वर्षानुवर्षे काही जमवले होते त्यांना हा भेद समजावून सांगणे कठीण होते.

आता कायद्याकडे वळावयाचे, आणि त्यासाठी विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड ही स्थानके ओलांडून पालघरपर्यंत जावे लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पोलिसांनी दोघींनाही अटक केली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम होते, ज्यात संगणकावरून ‘त्रासदायक’ मजकूर पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. पुढे ते प्रकरण बंद झाले, पण त्या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. तोवर पालघर हा स्वतंत्र जिल्हा होऊन काही महिने लोटले होते.

त्या निकालाचा हा भाग सर्वांना ठाऊक आहे. दुसरा भाग, जो आपल्या विषयाच्या मर्मालाच हात घालतो, तो कलम ७९ विषयीचा. परक्याचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला त्या मजकुरासाठी दोषी धरू नये, मात्र बेकायदा मजकुराचे ज्ञान झाल्यावर त्याने तो काढला पाहिजे, असे ते कलम सांगते. ‘ज्ञान झाल्यावर’ म्हणजे कधी? कोणीही बोट दाखवले की ज्ञान झाले असे मानले तर मध्यस्थ भीतीपोटी सर्वच काढून टाकील. म्हणून न्यायालयाने त्याचा अर्थ आवळला, की न्यायालयाचा हुकूम किंवा अधिकृत सरकारी सूचना हातात पडल्यावरच ते ज्ञान झाले असे समजावे. लाखो तक्रारींपैकी कोणती रास्त आणि कोणती नाही हे ठरवण्यास मध्यस्थाला न्यायाधीश करू नये, हा त्यामागील विचार होता.

आणि येथे दुकानाचा नियम व देशाचा कायदा यांची दिशा एकमेकींपासून फुटते. पालघरच्या त्या मुलींविरुद्ध जमाव उभा राहिला होता. न्यायालयाने जे रचले ते जमावाच्या तक्रारीपासून लिहिणाऱ्याला वाचवणारे कुंपण होते. उलट दुकानाच्या जामीनखतात प्रत्येक तक्रार मोजली जाते, हुकूम असो वा नसो. आणि ज्याचे संपूर्ण उत्पन्न फळीवरच्या जागेवर अवलंबून आहे तो चालक संशयाचा फायदा मजकूर लिहिणाऱ्याला देईल अशी अपेक्षा बाळगणे मनुष्यस्वभावाला धरून नाही. हरलेल्या गटाने मिळून जिंकणाऱ्याच्या मॅपवर रिपोर्टांचा वर्षाव करावा, आणि मॅप गुप्त व्हावा, ही तक्रार खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी नेहमी असते. तरीही दुकानाचा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला कोणी छळत असेल तर तिने न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहावी असे कोण म्हणेल?

गाळणीविषयी मात्र आपण मराठी माणसांनी फार भरवसा ठेवू नये. यंत्र शब्द ओळखते ते त्याला शिकवलेल्या भाषांतले, आणि त्यात इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा असतो. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना ‘अमेरिका ऑनलाइन’वर खाते उघडता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावात एक असभ्य शब्द दडलेला होता. आपल्याकडे दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत ‘x’ऐवजी ‘ksh’ घालून लिहून पाहावे. अखेरच्या चार अक्षरांत इंग्रजीतील शिवी तयार असते. अशा गाळणीत सज्जन दीक्षित अडकतो, आणि रोमन अक्षरांत, हवे तसे स्पेलिंग करून लिहिलेली अस्सल मराठी शिवी सहज पार होते. वसईत तर सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळ्यांची बोली आहे. त्या बोलीतला टोमणा ओळखणारी गाळणी अजून कोणी विणलेली नाही. म्हणून चार अटींपैकी पहिली आपल्यासाठी बव्हंशी कागदावरच राहते, आणि सगळा भार दुसरीवर, म्हणजे ज्याला कळले त्याने कळवण्यावर, पडतो. पलीकडे ती तक्रार वाचणाऱ्याला मराठी येते की नाही, याची अट दुकानाच्या कलमात मात्र नाही.

पैशाची बाजू थोडक्यात आटोपतो. खेळातील नाण्यांनी मुलगा कोणा मुलाने केलेली टोपी विकत घेतो तेव्हा त्या नाण्यांच्या किमतीतून आधी दुकानाचा भाग, मोठ्या चालकांकडून सामान्यतः ३० टक्के, वजा होतो, मग चालकाचा, आणि उरलेला टोपी करणाऱ्याचा. या वसुलीच्या सक्तीबद्दलच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मॅपवर पैज लावून बक्षिसाच्या आशेने पैसे गोळा करणे हा प्रकार तर आता दुकानाच्या नियमापुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ देशभर निषिद्ध ठरवले आहेत.

ज्याची निर्मिती काढली गेली, किंवा ज्याची तक्रार दुर्लक्षिली गेली, त्याला दुकानाच्या दारात उभे राहण्याचा मार्ग नाही. दुकान फक्त चालकाशी बोलते. त्याच्यासाठी जो दरवाजा आहे तो सरकारने केलेला आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी जारी झालेल्या नियमांनुसार लोकांचा मजकूर वागवणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व पत्ता प्रसिद्ध केला पाहिजे आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत दिली पाहिजे; निवारणासाठी मूळ नियमांनी पंधरा दिवसांची मुदत ठेवली होती. त्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये स्थापन झाल्या. त्यांचे काम संगणकावरूनच चालते, त्यामुळे नालासोपाऱ्याच्या अर्जदाराला दिल्लीची वारी घडत नाही. अर्जासोबत मूळ तक्रार आणि अधिकाऱ्याचा निर्णय जोडावा लागतो. म्हणून खेळातल्या बटणावर बोट टेकवून न थांबता, कंपनीच्या त्या अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच जपून ठेवावी.